चावी दिली की पुनर्वसन झाले?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहराच्या विकासात घर गमावलेल्या माणसांवरच्या एका लघुमाहितीपटाचे परीक्षण आपल्या रविवार पुरवणीत वाचले आणि चेंबूरला एका सभागृहात झालेल्या खेळाला जाऊन मी तो माहितीपट पाहिला. अर्ध्या तासाची ही फिल्म महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी पदरमोड करून केली आहे. तिचे आणि करणाऱ्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते या एका फिल्मपुरते नाही, आणि पहिलेच काम करणाऱ्यांना नावानिशी धारेवर धरणे मला योग्यही वाटत नाही. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या काठच्या वस्त्या आणि तिथून चेंबूरजवळच्या, कारखान्यांनी वेढलेल्या माहुलला पाठवलेली कुटुंबे असा तिचा विषय आहे. परीक्षणात पाडकामाच्या दृश्याची फार तारीफ झाली होती आणि ते दृश्य परिणामकारक आहे यात शंका नाही. मात्र फिल्मचा बहुतेक वेळ जेसीबी, पोलीस बंदोबस्त आणि रस्त्यावर आलेला संसार यांतच जातो, आणि माहुल शेवटच्या चार-पाच मिनिटांत उरकले जाते. माझ्या मते विषय इथेच उलटा धरला गेला. या कुटुंबांचे घर पाडले गेले त्या दिवशी त्यांचे जे नुकसान झाले, त्याहून कितीतरी मोठे नुकसान नव्या घराची चावी हातात पडल्यानंतरच्या वर्षांत झाले, आणि ते नुकसान कोणाच्याही कॅमेऱ्यापुढे झाले नाही.

आधी दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे, कारण फिल्मने ते टाळले आहे. तानसाचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईला मिळते आहे आणि त्याच्या अजस्र वाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा दाट वस्तीतून जातात. वाहिनीला टेकून झोपडी, वाहिनीवर वाळत घातलेले कपडे, वाहिनीवरूनच जाण्यायेण्याची वाट हे दृश्य आमच्या भागात कोणालाही नवे नव्हते. वाहिनी फुटली तर पहिला बळी त्याच झोपडीचा जाणार होता. जनहित मंच या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये वाहिनीच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्यास सांगितले, त्यामागे पाण्याच्या सुरक्षिततेचे कारण होते आणि ते कारण खोटे नव्हते. पुढे याच मोकळ्या पट्ट्यात ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने जाहीर केली, तेव्हा मात्र लोकांच्या मनात पाल चुकचुकली, आणि फिल्ममध्येही त्याचा नेमका उल्लेख आहे. तरीही हलवायचे की नाही, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न नव्हताच. कुठे हलवायचे, हा होता.

ज्या माहुलला ही माणसे नेली, ते माहुल काही रिकामे माळरान नव्हते. तिथे कोळ्यांचे जुने गाव आहे. पन्नासच्या दशकापासून या गावाच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मग खतांचा कारखाना आला, वीजनिर्मिती आली, रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. हवेबद्दल पहिली तक्रार विस्थापितांनी केलेली नाही, ती या गावकऱ्यांनी केली आणि ते पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. त्या सुनावणीत के. ई. एम. रुग्णालयाने केलेल्या आरोग्य पाहणीचा अहवाल पुढे आला. त्यानुसार माहुल-अंबापाडा परिसरातल्या ६७ टक्के लोकांना महिन्यातून तीनहून अधिक वेळा श्वास लागत होता, आणि डोळे चुरचुरण्याची तक्रार ८६ टक्क्यांहून अधिक लोकांची होती. लवादाने १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे स्पष्ट म्हटले. आणि जलवाहिनीकाठची कुटुंबे मोठ्या संख्येने माहुलला पाठवली गेली ती मुख्यतः २०१७ पासून, म्हणजे निकालानंतर. फिल्ममध्ये यातले अक्षरही नाही. गावठाणातल्या एकाही कोळ्याची मुलाखत नाही. पाडकामाच्या प्रत्येक दृश्यापेक्षा मला ही एक तारीख जास्त भयंकर वाटते, कारण पाडकाम करणाऱ्याला निदान आपण काय करतो आहोत हे दिसत असते. इथे कागद समोर असताना पाच हजारांहून अधिक कुटुंबांच्या हाती चाव्या दिल्या गेल्या.

हे का घडले, याचे उत्तर कोणाच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा घरांच्या हिशेबात शोधावे. माहुलची ७२ इमारतींची आणि १७,२०५ गाळ्यांची वसाहत प्रकल्पबाधितांसाठी म्हणून खासगी विकासकाने बांधली. अशी घरे बांधून देणाऱ्याला मोबदला पैशांत मिळत नाही, विकास हक्कांच्या, म्हणजे जादा बांधकाम करण्याच्या परवानगीच्या रूपाने मिळतो, आणि ते हक्क शहरात दुसरीकडे, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथे वापरता किंवा विकता येतात. साहजिकच पुनर्वसनाची घरे जिथे जमीन स्वस्त आहे तिथे उभी राहतात, आणि मुंबईत जमीन स्वस्त असते ती कचराभूमीजवळ, खाडीच्या कडेला किंवा कारखान्यांच्या कुशीत. म्हणून मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका, माहुल हीच नावे पुनःपुन्हा कानावर येतात. माणसांची गरज पाहून घरे बांधली गेलेली नाहीत. घरे बांधून रिकामी पडली होती, म्हणून माणसे तिथे नेली गेली. ही गोष्ट कंटाळवाणी आहे, ती कॅमेऱ्यात पकडता येत नाही, हे मला कळते. पण निवेदनात चार वाक्ये घालायला काय हरकत होती?

मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीच्या शेवटच्या काळात मी ज्या शाळेत शिकवत होते, तिथली बरीच मुले जलवाहिनीकाठच्या वस्त्यांतून येत. पाडकाम झाले की दोन-तीन दिवस बाके रिकामी राहत आणि मग मुले पुन्हा येत, कारण आईने बाकी काही वाचवले नसले तरी दप्तर वाचवलेले असे. खरी गळती सुरू झाली ती माहुलला गेल्यावर. आई पहाटे विद्याविहारच्या किंवा घाटकोपरच्या ठरलेल्या घरी धुण्याभांड्याला निघे, मूल तिच्याबरोबर निघे, आणि शाळा सुटल्यावर आईची कामे संपेपर्यंत कुठल्या तरी इमारतीच्या जिन्यात बसून राही. दोन माणसांचे बस-रिक्षाचे भाडे रोजचे. काही महिन्यांत हजेरीपटावरून आधी मुलींची नावे कमी झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाई आणि खालच्या ओळीवर सही होई.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालाची आठवण होते. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना १९८१ मध्ये शहराबाहेर घालवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ओल्गा टेलिस या पत्रकार आणि पदपथवासी न्यायालयात गेले. न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे सांगितले, आणि माणसे पदपथावर का राहतात, तर काम जवळ आहे म्हणून राहतात, हे मान्य केले. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवण्याची मुभाही ठेवली, हे सहसा सांगितले जात नाही. पण काम आणि घर यांतले अंतर ही गरिबासाठी सोयीची बाब नसून पोटाची बाब आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्याला चार दशके होऊन गेली. पुनर्वसनाच्या कोणत्याही कागदावर मात्र आजही चौरस फूट असतात, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर नसते.

फिल्ममध्ये एक प्रसंग फार चांगला आहे आणि तो टिपल्याबद्दल त्या मुलांचे कौतुकच करावे लागेल. एक वयस्क गृहस्थ आपल्याच झोपडीचे पत्रे स्वतः उतरवून त्यांच्यावर खडूने आकडे घालत बसले आहेत, नव्या जागी ते त्याच क्रमाने बसवता यावेत म्हणून. शेजारचा मुलगा त्यांना म्हणतो, “काका, तिकडं बिल्डिंग हाय, पत्रं कशाला?” ते मान हलवतात आणि पुढचा आकडा घालतात. शेवटी सगळे पत्रे सुतळीने बांधून टेम्पोत चढवतात. पुढे काय? सातमजली इमारतीतल्या सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत हे पत्रे गेले कुठे, गॅलरीत, जिन्याखाली की भंगारवाल्याकडे? हे गृहस्थ लिफ्ट बंद असताना खाली-वर कसे करतात, दिवसभर कोणाशी बोलतात, त्यांच्या जुन्या गल्लीतली किती माणसे त्याच इमारतीत आली आणि किती दुसरीकडे फेकली गेली? फिल्म त्यांच्याकडे परत जातच नाही. त्याऐवजी खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून काळा थर दाखवणारी एक बाई दिसते, ड्रोनवरून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, आणि श्रेयनामावली सुरू होते. टेम्पो निघाला की गोष्ट संपली, ही समजूत यंत्रणेची असणे मी समजू शकते. यंत्रणेवर टीका करणाऱ्यांनी तीच समजूत बाळगावी, याचे नवल वाटते.

माहुलमध्ये पुढे जे घडले ते पाहिले तर चार फिल्मचा ऐवज सापडेल. ८ ऑगस्ट २०१८ रोजी शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक जण जखमी झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून माहुलचे रहिवासी आपली घरे सोडून विद्याविहारला, जिथून त्यांना उठवले होते त्याच जलवाहिनीजवळच्या पदपथावर येऊन बसले आणि वर्षाहून अधिक काळ बसून राहिले. घर मिळालेली माणसे घर नको म्हणून रस्त्यावर राहतात, हे या शहराने आधी कधी पाहिले होते? सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यापुढे कोणालाही माहुलला पाठवू नये असे सांगितले, आणि जे तिथून बाहेर पडू इच्छितात त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. २०२० मध्ये हरित लवादाने परिसरातल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई भरण्यास सांगितले. म्हणजे रहिवासी जे ओरडून सांगत होते ते न्यायासनांनी एकदा नव्हे, अनेकदा ग्राह्य धरले. तरीही भाड्याच्या रकमेसाठी हेलपाटे घालणे कोणाचे चुकले नाही, आणि ज्यांना हेलपाटे घालणे शक्य नव्हते ते तिथेच राहिले.

आणि मग २०२५ मधले प्रकरण. विकासाच्या कथेत याहून बोलका प्रसंग शोधूनही सापडणार नाही. माहुलमधली ९,०९८ रिकामी घरे महापालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांत विकायला काढली. मुंबईत या भावात वाहनतळाची जागाही मिळत नाही. तरी प्रतिसाद इतका थंड होता की अर्जांची मुदत वाढवावी लागली. महापालिकेचा सफाई कामगार किंवा शिपाई जे घर स्वस्तातही घ्यायला तयार होत नाही, ते घर जलवाहिनीकाठच्या माणसाला ‘हे घे, नाहीतर काहीच नाही’ असे सांगून दिले गेले होते. त्याच्या ‘नको’ला किंमत नव्हती. कर्मचाऱ्याच्या ‘नको’ला आहे, कारण त्याला ‘नको’ म्हणता येते.

माहुल हा अपवाद होता असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या कुटुंबांच्या मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केलेल्या पाहणीत या दोन वसाहतींमध्ये क्षयरोगाचे प्रमाण जवळच्याच पण अधिक मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळले, आणि ऊन-वारा न मिळणे हे त्याचे कारण सांगितले गेले. हीही नुकसानाची मोजदाद घर मिळाल्यानंतरचीच. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी हटवलेल्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपास मंडळाकडे तक्रार केली, तेव्हा २००६ मध्ये बँकेने काही महिने पैसा रोखला होता. तेवढा एकच प्रसंग मला आठवतो, ज्यात पुनर्वसन नीट झाले नाही म्हणून रस्त्याचे काम अडले. एरवी रस्ता पुढे जातो आणि पुनर्वसन मागून रखडत येते.

फिल्ममध्ये आणखी एक वर्ग पूर्णपणे सुटला आहे, तो म्हणजे अपात्रांचा, ज्यांना पुनर्वसनाचे घर मिळतच नाही त्यांचा. माहुलला गेलेले निदान पात्र होते. १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११, अशा, झोपडी त्याआधीची असल्याचा पुरावा मागणाऱ्या मर्यादा-तारखा सरकत राहिल्या, आणि प्रत्येक तारखेच्या अलीकडे-पलीकडे एकाच गल्लीतली, कधी कधी एकाच घरातली माणसे विभागली गेली. वडिलांच्या नावाचे लाईट बिल आहे पण मतदार यादीत नाव चुकले आहे, जुना फोटोपास पुरात भिजला आहे, रेशनकार्डावर पत्ता शेजारच्या गल्लीचा आहे, अशी कारणे यादी लागते त्या दिवशी फलकापुढे उभे राहिले की सहज ऐकू येतात. नाव नसलेला माणूस कुठे जातो, याची नोंद कोणतीही यंत्रणा ठेवत नाही. बहुधा तो दुसऱ्या वस्तीत भाड्याने राहतो आणि पुढच्या प्रकल्पात पुन्हा अपात्र ठरतो. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन जाणे अवघड आहे, पण तशी फिल्म कोणी केली तर ती पाहायला मी नक्की येईन.

संपादक महोदय, हे पत्र फिल्मकारांना उद्देशून कमी आणि आपल्याला उद्देशून अधिक आहे. पाडकाम झाले की वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी छायाचित्र येते, आठवड्याभराने एखादा विशेष लेख येतो, आणि पुढे त्या वस्तीचे नाव ऐकू येते ते न्यायालयाचा निकाल लागला तरच. धारावीचा पुनर्विकास आता सुरू झाला आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशांना धारावीतच घर मिळणार आहे, त्यानंतरच्यांना आणि वरच्या मजल्यांवरच्यांना धारावीबाहेर. त्यासाठी ठरवलेल्या जागांमध्ये देवनार कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन आहे. मुंबईचा कचरा १९२७ पासून जिथे पडतो आहे ती ही जागा. तिथे अजून एकही कुटुंब गेलेले नाही. नेमकी हीच वेळ आहे. माहुलच्या गावकऱ्यांची पाहणी जशी आधी झाली होती, तशी देवनारच्या आजूबाजूला आज राहणाऱ्यांच्या आरोग्याची पाहणी झाली आहे काय, झाली असल्यास तिचे निष्कर्ष काय, कचरा हटवण्याचे काम कुठवर आले, जमिनीतल्या वायूचे आणि झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप कोण करते आणि ते कुठे पाहायला मिळते, हे प्रश्न आपल्या वार्ताहराने महापालिकेला आणि प्रकल्प राबवणाऱ्यांना विचारावेत. मिळालेली उत्तरे, आणि उत्तरे मिळाली नाहीत तर तेही, आपण छापावे. धारावीतून बाहेर जाणारी पंधरा-वीस कुटुंबे आताच निवडून, त्यांच्या संमतीने, पुढची पाच वर्षे दर सहा महिन्यांनी त्यांची विचारपूस करणारे सदर आपण चालवले तर ते आणखी बरे होईल. माहितीपट करणारी ती मुले या कामी आपल्याला मदत करतील असे मला वाटते. खेळानंतर मी त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यांच्याजवळ माहुलचे कित्येक तासांचे चित्रण संकलनात वगळून पडले आहे असे त्यांनी सांगितले.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
टिळकनगर, चेंबूर, मुंबई